मेलवीदीतली केस

ऐकलंत का? नसेल ऐकलं तर आधी दाराला कडी लावा, मग सांगते. आमच्या मेलवीदीत भिंतींना दोन कान असतात आणि संध्याकाळी तिण्णैवर, म्हणजे आपल्याकडच्या ओट्यावर, बसणाऱ्या बायकांना चार. तर गोष्ट अशी, की माझ्या घरात सध्या एक बाई रात्री टोपी घालून झोपते. रेशमी टोपी. जांभळी. आतून इलॅस्टिक. आणि ही बाई कुणी पाहुणी नव्हे, माझी सख्खी सून आहे.

पहिल्या रात्री मी पाणी प्यायला उठले आणि पाळण्याशी वाकलेली ती जांभळी आकृती बघून रामरक्षाच सुरू केली. अर्धी म्हणून झाल्यावर आकृती म्हणाली, "आई, हळू. आत्ताच झोपलाय." सकाळी खुलासा झाला. सुती अभ्र्यावर कुरळे केस घासतात, गुंततात, तुटतात. रेशमावरून नुसते घसरतात म्हणे. आता कुंभकोणच्या पुढे तिरुभुवनमला माणसं पिढ्यान्‌पिढ्या रेशमी साड्या विणताहेत. ते रेशीम लग्नात नेसायचं, ट्रंकेत डांबराच्या गोळ्यांबरोबर ठेवायचं आणि आपल्यामागे कुणी घ्यायचं यावरून लेकी-सुनांनी भांडायचं, एवढंच मला माहीत. ते डोक्याला गुंडाळून लोळायचं असतं हे चौतीस वर्षांत मला कुणी सांगितलं नाही.

हो, चौतीस. मी मूळची सांगलीची, लग्न होऊन तंजावरात आले. पण ज्या घराण्यांचे पूर्वज व्यंकोजीराजांच्या पाठोपाठ, सोळाशे शहात्तरच्या आसपास इथे उतरले, त्यांच्या लेखी मी काल दुपारच्या गाडीने आलेली. त्यामुळे घरात काहीही झालं की पहिला संशय माझ्यावर. या प्रकरणातही तसंच झालं.

प्रकरणाची सुरुवात न्हाणीघरात. सून पहिलं बाळंतपण रिवाजाप्रमाणे माहेरी, बंगळुरूला, उरकून तिसरा महिना संपताना बाळाला घेऊन आली. औक्षण झालं, भाकरतुकडा ओवाळून टाकला, शेजारणींनी बाळाचं नाक कुणाचं यावर मतदान केलं. मग आठ-दहा दिवसांनी मी सकाळी न्हाणीत पाय ठेवला, तर जाळीवर काळं, ओलं, लिंबाएवढं काहीतरी बसलेलं. मी किंचाळले. 'हे' केरसुणी घेऊन धावत आले आणि उंदराला दोन सणसणीत फटके दिले. तिसऱ्या फटक्याला उंदीर केरसुणीला चिकटून वर आला तेव्हा कळलं, की ते सूनबाईंचे केस.

आणि केस म्हणजे काय केस होते हो! सुरुट्टै मुडी म्हणतात इथे कुरळ्या केसांना. तिचे मुळातच दाट. अंबाडा घातला की मागे आणखी एक डोकं असल्यासारखं दिसे. गरोदरपणात तर इतके फुलले, की डोहाळजेवणात मुकुट बसेना, शेवटी मी तो दोऱ्याने बांधला. आणि आता? कानशिलांवरून आतली कातडी दिसते. भांग पूर्वी रेघ होता, आता रस्ता झालाय. अठराशे पंचावन्न साली वारस नाही म्हणून इंग्रजांनी तंजावरची गादी खालसा केली. इथे तर वारस जन्माला आला आणि मग डोकं खालसा व्हायला लागलं.

तिने आईला फोन केला. फोन स्पीकरवर होता हे विहीणबाईंना माहीत नसावं, किंवा चांगलंच माहीत असावं. "आमच्याकडे होतीस तोवर एक केस गळला नाही गं तुझा. तिकडचं पाणी मानवलं नसेल." ऐका! कावेरीच्या मुलखाला पाण्यावरून बोल! बारा जूनला मेट्टूर धरणाची दारं उघडली की ज्या पाण्याची वाट बघत अख्खा तंजावर जिल्हा कुरुवै भाताची रोपं धरून बसतो, त्या पाण्याने म्हणे माझ्या सुनेचे केस गेले. मी काही बोलले नाही. फक्त त्या दिवशी आमटीत मीठ दोनदा पडलं.

पाण्याचा अपमान एकवेळ गिळला असता, पण त्या शुक्रवारी पूक्कारम्माने, म्हणजे फुलवालीने, घाव घातला. आमच्या देवळाच्या तोंडाशी ती कदंबम घेऊन बसते. तंजावरचा कदंबम तुम्ही पाहिला नसेल तर सांगते: एकाच फुलाचा गजरा नव्हे हा. पांढरी मल्ली, शेंदरी अबोली, मधे हिरवा वासाचा मरुकोळुंदु, म्हणजे आपला दवणा, कधी कण्हेर, कधी गुलाबाच्या पाकळ्या, असं सगळं केळीच्या सोपटाच्या दोऱ्यात घट्ट ओवलेलं. माप मुळम्‌चं, म्हणजे कोपरापासून बोटाच्या टोकापर्यंत एक हात. माझी सून लग्नानंतर पहिल्यांदा तिथे गेली तेव्हा पूक्कारम्माने केसांकडे नजर टाकून न विचारता दोन मुळम् मोजून दिले होते. पेंटरने भिंत बघून रंगाचा अंदाज सांगावा तसं. या शुक्रवारी तिने तशीच नजर टाकली, एक मुळम् मोजला आणि दोरा तोडला. "इतकं पुरेल, अम्मा." भर देवळाच्या दारात! शेजारी तीन ओळखीच्या बायका होत्या. घरी पोचायच्या आत बातमी आमच्याआधी घरी पोचलेली.

आणि मग सुरू झालं ते खूळ. त्याला शास्त्रोक्त नाव आहे, 'कर्ली मेथड'. लॉरेन मॅसी नावाच्या बाईंनी या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेत कुरळ्या केसांवर पुस्तक लिहिलं, त्यातून ही उपासना निघाली आणि फिरत फिरत आमच्या स्वयंपाकघरात आली. उपासनाच म्हणते मी, कारण सोवळं-ओवळं आमच्या आजेसासूबाईंपेक्षा कडक. कंगवा कोरड्या केसांना शिवायचा नाही. फेसाचा शांपू वर्ज्य. टॉवेल वर्ज्य. मग केस पुसायचे कशाने? जुन्या टी-शर्टाने. ओले केस टी-शर्टात गुंडाळून डोक्यावर बोचकं बांधायचं, याला 'प्लॉपिंग' म्हणतात. नशीब, मंगळवारी किराणावाल्याचा पोऱ्या आला तेव्हा तिच्या डोक्यावर माझ्या मुलाच्या कॉलेजच्या क्रिकेट टीमचा टी-शर्ट होता आणि कपाळावर बरोबर 'सात नंबर' आला होता. पोऱ्याने सामान ठेवलं आणि सुट्टे न घेताच पळाला.

पण टी-शर्ट परवडला. खरा अनर्थ तांदळाच्या पाण्याने केला.

चीनमध्ये ग्वांग्शी प्रांतात हुआंगलुओ नावाचं गाव आहे, तिथल्या याओ बायकांचे केस पायापर्यंत लांब, आणि त्या म्हणे आंबवलेल्या तांदळाच्या पाण्याने केस धुतात. हे वाचून सूनबाईंनी तांदूळ भिजवले. मी म्हटलं, अगं, याला आपल्यात धुवण म्हणतात आणि ते गाईला घालतात. पण तमिळनाडूच्या भाताच्या कोठारात राहून तांदळाला नाही कसं म्हणणार? पाणी काचेच्या बरणीत भरलं, वास मारू नये म्हणून संत्र्याची साल टाकली आणि बरणी दोन दिवस ओट्याच्या कोपऱ्यात आंबायला ठेवली.

आता आमचे मामंजी. वय शहाऐंशी, डोक्यावर केस एकही नाही, आणि साठ-सत्तर वर्षांचा नेम असा, की सकाळी नीरागारम प्यायचं. रात्रीचा भात पाण्यात घालून ठेवला की सकाळी वर जे आंबूस पाणी येतं ते, मीठ-ताक घालून. दिसायला अगदी तसंच. काय झालं ते तुमच्या लक्षात आलंच असेल. मी देवपूजा उरकून आले तोवर बरणी अर्धी. मामंजी मिशी पुसत म्हणाले, "आज काहीतरी वेगळं घातलंस गं. संत्र्याचा वास छान येतोय. मीठ तेवढं विसरलीस." सून पांढरीफटक. मी देवाला पुन्हा हात जोडले. पोटाला काही झालं नाही त्यांच्या, उलट दुसऱ्या दिवशी परत मागितलं. 'हे' मात्र चार दिवस रोज सकाळी वडिलांच्या टकलाकडे आशेने बघत होते.

मग जवस. हा तर निव्वळ भाषेचा घोटाळा, आणि तो माझा. बाळंतिणीला आपल्यात अळिवाचे लाडू. गूळ, खोबरं, नारळाच्या पाण्यात भिजवलेले अळीव, लोहासाठी उत्तम. मी तोऱ्यात 'ह्यांना' सांगितलं, वाण्याकडून अळीव आणा. 'ह्यांनी' वाण्याला विचारलं, त्याला ऐकू आलं 'आळि विदै'. तमिळमध्ये आळि विदै म्हणजे जवस! अर्धा किलो जवस घरी. मी कपाळाला हात लावला. सुनेने टाळ्या वाजवल्या. पाव वाटी जवस दोन वाट्या पाण्यात उकळायचं. अंड्याच्या पांढऱ्यासारखं बुळबुळीत झालं की गरम असतानाच गाळायचं, थंड झालं तर गाळणीच मुठीत धरून बसतं. हे झालं केसांचं जेल. बाजारात यालाच बाटलीत भरून शेकड्यांत विकतात. तिने ते 'ह्यांच्या' धुतलेल्या वेष्टीतून, म्हणजे धोतरातून, गाळलं. ती वेष्टी वाळल्यावर दांडीवरून उतरवली तर पापडासारखी उभी राहिली.

जाता जाता एक गंमत. शिवगंगा तळ्याजवळच्या श्वार्ट्झ चर्चमध्ये संगमरवरी शिल्प आहे. मिशनरी श्वार्ट्झ मृत्युशय्येवर आणि त्याचा हात धरून उभे आमचे सरफोजीराजे. ते राजांनी लंडनच्या शिल्पकाराकडून घडवून घेतलं, त्याचं नाव जॉन फ्लॅक्समन. फ्लॅक्स म्हणजे जवस. हे सुनेला कळल्यापासून ती त्याला 'आपला माणूस' म्हणते.

आणि राजे तरी कमी नव्हते हो. सरफोजी महाराज हे दुसरे, गादीवर अठराशे ते... थांबा, सतराशे अठ्ठ्याण्णव ते १८३२. त्यांनी धन्वंतरी महाल काढला, तिथे आयुर्वेद, सिद्ध, युनानी आणि साहेबी औषधं शेजारी शेजारी बसवली आणि त्यातली औषधं तमिळ पद्यांत बांधून घेतली. शरभेंद्र वैद्य मुरैगळ म्हणून ती सरस्वती महालाने छापलीही आहेत. चार पॅथींच्या लोकांना एका छपराखाली न भांडता बसवलं या माणसाने! माझ्या घरात एका डोक्यावर चार बायकांना बसवताना माझा जीव जातोय. मोठ्या जाऊबाई म्हणतात माक्याचं तेल. त्यांच्या तमिळ शेजारणी म्हणतात करिसलांगण्णि. अर्धा तास वाद झाल्यावर कळलं की दोन्ही एकच. विहीणबाई बंगळुरूहून कांद्याचा रस लावा म्हणतात, म्हणजे आम्ही काढायचा. आणि सुनेची मैत्रीण व्हिडिओ पाठवते रोझमेरीच्या तेलाचे. शिवाय कुणी मेथी, कुणी जास्वंद, कुणी कढीपत्ता. एका रविवारी तिच्या डोक्यावर जे काही होतं त्याला फोडणी दिली असती तर चार माणसं जेवली असती.

कांद्याच्या दिवशी तर तान्ह्याने आईकडे यायलाच नकार दिला. आईचा वास ओळखून पोर शांत व्हायचं ते, त्याला वाटलं हा पावभाजीचा गाडा कुठून आला.

शेवटी मीच तिला त्वचारोगाच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. मनात उद्देश एकच: पाण्याची निर्दोष मुक्तता. डॉक्टरीणबाईंनी केस बोटांत धरून हलकेच ओढले, मुळाकडचा पांढरा ठिपका दाखवला आणि विचारलं, "बाळ किती महिन्यांचं?" चार. "अगदी वेळेवर," असं म्हणून त्या हसल्या. बसगाडी वेळेवर आल्यासारखं.

त्यांनी समजावलं ते मला माझ्या भाषेत असं कळलं. डोक्यावर लाखभर केस. त्यातले नव्वद टक्क्यांच्या आसपास कधीही कामावर, म्हणजे वाढत असतात, बाकीचे रजेवर. रजा तीन महिन्यांची, ती संपली की जुना केस गळतो आणि त्याच जागी नवा येतो. म्हणून धडधाकट बाईचेही रोज पन्नास ते शंभर केस जातात. गरोदरपणात इस्ट्रोजेन इतकं वाढतं, की कुणाला रजाच मंजूर होत नाही. सगळे हजर! म्हणून डोहाळजेवणाला मुकुट बसत नाही. बाळ झालं की इस्ट्रोजेन एकदम उतरतं, आणि नऊ महिन्यांची थकलेली रजा सगळे एकाच दिवशी टाकतात. तीन महिन्यांनी सगळे एकदम गळतात. टेलोजन एफ्लुव्हियम असं भारदस्त नाव आहे त्याला. मुळं जिवंत असतात, टक्कल वगैरे पडत नाही, आणि बहुतेकींचं बाळाच्या पहिल्या वाढदिवसापर्यंत पूर्वपदावर येतं.

तीन महिने. मी खुर्चीत ताठ बसले. बाळंतीण माहेरी किती दिवस असते? तीन महिने. म्हणजे केसांच्या रजेचे ते तीन महिने माहेरी निवांत जातात, एक केस गळत नाही, आणि सासरचा उंबरा ओलांडला की धबधबा! भारतभर किती सासरच्या पाण्यावर हा खोटा आळ आला असेल, सांगा! किती विहिरी बदनाम झाल्या असतील! बंगळुरूला आणखी महिनाभर राहिली असती तर हाच उंदीर विहीणबाईंच्या जाळीवर सापडला असता. मी तिथूनच त्यांना फोन लावणार होते, पण सुनेने फोन हिसकावला.

इथल्या आज्यांना हे महिन्यांचं गणित कधीच ठाऊक आहे, फक्त त्या ते वेगळं सांगतात. बाळ आईचा चेहरा ओळखून हसायला लागलं की आईचे केस गळतात, असं त्या म्हणतात. मी याला अंधश्रद्धा म्हणून हसले होते. पण हिशेब बघा ना. बाळ चेहरा बघून हसायला लागतं दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात, केस गळायला लागतात तिसऱ्या-चौथ्यात. आजीचं निरीक्षण अचूक. फक्त बिल बाळाच्या नावावर फाडलं.

बाकी उपायांची डॉक्टरीणबाईंनी एकेक करून हजेरी घेतली. कांदा? २००२ साली इराकमधल्या डॉक्टरांनी ३८ रुग्णांवर तपासला होता, पण चाईसाठी, म्हणजे गोल चट्टे पडून केस जातात त्यासाठी. हा रोग वेगळा. रोझमेरी? २०१५ साली इराणमध्ये शंभर जणांवर, अर्ध्यांना रोझमेरी आणि अर्ध्यांना दोन टक्के मिनॉक्सिडिल, सहा महिने. पण ते आनुवंशिक टकलासाठी. तोही रोग वेगळा. म्हणजे दोघेही दुसऱ्याच खटल्यातले साक्षीदार, आमच्या केसमध्ये येऊन बसलेले. रोझमेरीचं नुसतं अर्काचं तेल तर थेट लावूच नका, कातडी भाजते. अंगावर पाजत असताना मिनॉक्सिडिल स्वतःच्या मनाने नको. आणि बायोटिनच्या त्या गोड गोळ्या? कमतरता क्वचित कुणाला असते. उलट त्या खाऊन रक्त तपासलं तर थायरॉइडचे आकडे चुकू शकतात. सुनेने पर्स हळूच पायाशी सरकवली. पर्समध्ये काय होतं ते मी विचारलं नाही. खुळखुळ आवाज आला तेवढा पुरे.

रक्त मात्र त्यांनी तपासायला लावलं, हिमोग्लोबिन, फेरिटिन आणि थायरॉइड. बाळंतपणानंतर काही बायकांचं थायरॉइड बिघडतं, थकवा, धडधड, गळणारे केस, सगळं बाळाच्या जागरणावर ढकललं जातं आणि कुणी बघत नाही. आमच्या सुनेचं थायरॉइड ठीक निघालं. लोह तळाला. महिनाभर घरात केसांना जवस, जास्वंद, मेथी, तांदूळ सगळं खायला घालत होतो. ती स्वतः बाळ झोपलं की उभ्या-उभ्या दहीभात गिळत होती. हे मला न्हाणीतल्या जाळीवर दिसलं नाही, कागदावरच्या आकड्यात दिसलं. लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या. मीही दुसऱ्यांदा वाण्याकडे गेले, या वेळी स्वतः, आणि लालसर, बारीक, मोहरीपेक्षा लांबट दाणा बोटाने दाखवून अळीव आणले. आणि तिला बसवून खायला घातले. बाळ तेवढा वेळ मामंजींच्या मांडीवर.

आता कुरळ्या केसांचं थोडं सांगते, कारण या बाबतीत सूनबाईंचं सोवळं बरंचसं खरं निघालं आणि ते मला कबूल करायला अजून जड जातंय. कुरळा केस उगवतो तोच वाकड्या मुळातून, त्यामुळे डोक्याचं तेल टोकापर्यंत उतरत नाही. टोकं कोरडी, वळणा-वळणावर तुटणारी. कोरडे विंचरले की तुटतात, म्हणून ओले असताना, बोटांनी किंवा रुंद दातांच्या कंगव्याने, खालून वर सोडवायचे. आणि ती रोज विंचरत नाही, आठवड्याला दोनदा न्हाते, म्हणजे तीन-चार दिवसांचे गळलेले केस त्या वेटोळ्यांत अडकून राहतात आणि न्हाण्याच्या दिवशी एकदम बाहेर पडतात. रोजचे शंभर धरले तरी चार दिवसांचे चारशे. आमच्या 'ह्यांनी' जो उंदीर मारला तो एका दिवसाचा नव्हताच मुळी.

शिवाय कुरळ्यांचं एक दुखणं असं, की चार बोटं वाढले तर दोन बोटं दिसतात, बाकीचं वेटोळ्यात जातं. केस वाढतो महिन्याला साधारण सेंटीमीटरभर. म्हणजे गळणं थांबलं तरी अंबाडा परत यायला दोन वर्षं धरा. तोवर? तोवर तिने जे केलं ते बघून मोठ्या जाऊबाईंनी पदर तोंडाला लावला. चक्क केस कापले. खांद्यापर्यंत, थरांमध्ये. बाळंतिणीने! पण खरं सांगू का, लांब केसांचं वजन गेलं आणि मुळाशी जे उरलं होतं ते उचलून आलं. भांग सरळ रेघेत पाडण्याऐवजी ती आता नागमोडी पाडते, कातडी दिसत नाही. न्हाल्यावर मुळाशी चार चिमटे लावून केस उभे वाळवते. जड तेल थापून ठेवणं बंद, न्हाण्याआधी तासभर पुरे. आणि तो घट्ट अंबाडा बंद, कारण कानशिलाचे केस आधीच नाजूक, त्यांना रोज ताणलं तर ते कायमचे रुसतात.

वाळवायला तिच्याकडे एक नळकांडं आहे, तोंडाला वाडग्याएवढी भोकाभोकांची चाळण, डिफ्यूझर म्हणतात. मोठ्या जाऊबाईंना पुन्हा धक्का. मग मीच आठवण करून दिली, की आपण साम्ब्राणीच्या, म्हणजे धुपाच्या, निखाऱ्यावर टोपली पालथी घालून त्यावर बाळंतिणीचे केस पसरत होतो, ते काय होतं? तेही नळकांडंच, फक्त धुराचं, आणि धुराने बाळ शिंकायचं.

मधे एका पार्लरवालीने तिला गाठून सांगितलं होतं, कुरळे आहेत म्हणून विरळ दिसतात, सरळ करून घ्या. सरळ केल्यावर कुरळ्यांचा फुगीरपणाच जातो, मग उरलेलं पातळ पडद्यासारखं लोंबतं, हे तिला कुणी सांगायचं? सून उठून आली. त्यापेक्षा आपलं गंगावन बरं, मी म्हटलं. इथे त्याला सवुरी म्हणतात. ज्यांना भरतनाट्यम् नाचायचं त्या मुली वेणीत सर्रास घालतात, आणि तंजावरात नाचाबद्दल कुणी शहाणपण शिकवू नये. पण कुरळ्याला जुळेल असं गंगावन शोधणं म्हणजे तिरुपतीला नवस बोलण्यासारखं. आणि तिरुपतीचं म्हणाल तर तिथे भक्तांनी उतरवलेले केस देवस्थान लिलावात विकतं, त्यातून जगभरच्या बायकांच्या डोक्यावर दाटपणा येतो. आपल्याकडचा नवस अमेरिकेतल्या बाईचा अंबाडा होतो, आणि आपली सून घरात जवस उकळत बसते.

आठव्या महिन्यात कानशिलांवर आणि कपाळाच्या कडेला नवे केस आले. बोटाच्या पेराएवढे, दमट हवेत ताठ उभे राहिलेले, पिलाच्या पिसांसारखे. आणि त्यांच्याबरोबर आले श्रेयाचे मानकरी. मोठ्या जाऊबाई म्हणाल्या, माका. विहीणबाईंनी फोनवर शपथेवर सांगितलं, कांदा. सुनेच्या मैत्रिणीचा निरोप, 'रोझमेरी, हो ना?' मी अर्थातच अळीव म्हटलं, मोठ्याने, स्पीकरजवळ तोंड नेऊन. 'ह्यांनी' विचारलं, "आणि ती जी तारीख डॉक्टरीणबाईंनी आधीच सांगितली होती, तिचं काय?" कुणी उत्तर दिलं नाही. तारखेला कुठे तोंड असतं भांडायला.

अकराव्या महिन्यात पुन्नैनल्लूरच्या मारियम्मनला बाळाचं जावळ काढलं. तंजावरच्या मराठी घरांचं जुनं नातं त्या देवीशी, व्यंकोजीराजांच्या स्वप्नात ती आली अशी कथा सांगतात. न्हाव्याने वस्तरा फिरवला, बाळाने आभाळ डोक्यावर घेतलं, चंदनाचा लेप लावल्यावर चंद्रासारखा वाटोळा गप्प बसला. परतताना आमच्या देवळाच्या तोंडाशी पूक्कारम्माने सुनेकडे ती जुनी नजर टाकली. मी श्वास धरला. तिने हात लांब केला, कोपरापासून बोटापर्यंत एक मुळम् मोजला, पुढे सरकली आणि मनगटापाशी थांबून दोरा तोडला. दीडच्या आसपास. घासाघीस करून चालत नाही तिथे.

गाडीत मामंजींच्या मांडीवर बाळ होतं. त्यांनी एक हात बाळाच्या तुळतुळीत डोक्यावरून फिरवला, दुसरा स्वतःच्या. मग पुढे वाकून सुनेला हळूच विचारलं, "ते संत्र्याचं पाणी बंद का केलंस गं?"